मुकोबाची खोळ

फोन आला तेव्हा धुरपताबाईंचे दोन्ही हात पिठात होते, म्हणून तो दिनकररावांनी उचलला, आणि सगळा घोळ तिथंच झाला. बाईंनी उचलला असता तर त्यांनी आधी तव्यावरची भाकरी उतरवली असती, चहा घेतला असता, काय सांगायचं आणि काय गिळायचं ते ठरवलं असतं आणि मगच नवऱ्याच्या कानावर घातलं असतं. पण फोन दिनकररावांच्या कानाला, आणि पलीकडून मेहुणे भगवानराव अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगायलेले, "दाजी, मुकोबानं खोळ टाकली. पहाटंच टाकली. अक्काला घिऊन निघा."

अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यांना रोज सकाळी तेल लागतं, पण उडी मारल्यासारखे उठले.

"अगं, ऐकलंस का? मुकोबानं खोळ टाकली. माझ्या कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी कुटं हाय?"

"ऐकलं," बाई म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी करपली.

आता मुकोबा म्हणजे कोण ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, खोळ टाकायला देव काय साप आहे? तर पालम तालुक्यात गंगेच्या काठावर उंबरथडी म्हणून गाव आहे. गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. हे धुरपताबाईंचं माहेर. गावाबाहेर एक बुटकं दगडी देऊळ आणि आत शेंदरानं माखलेला मुकोबा. तेल आणि शेंदूर चढवून चढवून देवाला नाक राहिलं नाही की डोळे राहिले नाहीत, नुसता एक तांबडा ढीग मांडी घालून बसल्यासारखा दिसतो. मग कधीतरी, एखाद्या पिढीत एकदा, उन्हाच्या तडाख्यानं तो सगळा थर तडकतो आणि आपोआप गळून पडतो. त्याला म्हणायचं देवानं खोळ टाकली. ती खोळ वाजतगाजत गंगेत सोडायची आणि दिवस मावळायच्या आत देवाला नवा शेंदूर लावायचा.

मधल्या वेळात देव उघडा असतो. उघड्या देवाला पुरुषमाणसानं बघायचं नाही. त्याला न्हाऊ घालायचं गावच्या लेकींनी, आणि दारात आडोशाला लुगडं धरायचं दोन जावयांनी, तेही देवाकडं पाठ करून. आणि देव मुका, म्हणून त्याला न्हाऊ घालणारीनंही मुकं राहायचं. आत काय दिसलं ते कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही, नवऱ्याला तर मुळीच नाही.

एवढ्यानं भाकरी करपायचं काय कारण, असं कुणी विचारील. कारण होतं दिनकररावांचं येड.

दिनकररावांचा सेलूच्या स्टेशन रस्त्याला फोटो स्टुडिओ. आता मुलगा, हरिओम, बघतो. उभी हयात लग्नाचे फोटो काढण्यात गेली, "जरा हसा, अजून जरा" म्हणता म्हणता जबडा दुखायचा. आणि एकदा कुठल्याशा वऱ्हाडाबरोबर अजिंठ्याला गेले नि तिथं एका अंधाऱ्या लेण्यात बुद्धाची मूर्ती बघितली. घरी आल्यावर आठ दिवस एकच सांगत होते, "अगं, तो माणूस हसा म्हटल्याबिगर हसायलाय." त्या दिवसापासून जे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. सीझन संपला की कॅमेरा गळ्यात अडकवायचा, बायकोला बरोबर घ्यायचं आणि निघायचं. पितळखोरे झालं, कार्ले-भाजे झालं, सांची झालं, बोधगयेला तर दोनदा झालं. जिथं म्हणून जुना विहार, जुना स्तूप, भग्न मूर्ती असेल तिथं हे गुडघे टेकून बसणार आणि बाई शेजारी धपाट्यांची पिशवी सांभाळत उभ्या राहणार.

ते तरी ठीक होतं. पण या माणसानं सासुरवाडीच्या देवाला हात घातला. एका दिवाळीला उंबरथडीला गेले असताना मुकोबाच्या देवळामागं त्यांना हातभर लांबीची, चार बोटं जाड जुनी वीट सापडली. झालं. "अशी वीट आता कोन भाजतं? ही विहाराची वीट हाय. ध्यान दिऊन बघा, शेंदराखाली मांडी हाय, खांद्यापतोर कान आल्यासारखा फुगवटा हाय. तुमचा मुकोबा बुद्ध हाय, लिहून घ्या." भगवानरावांनी तशा विटांनी बैलांची गव्हाण बांधलेली, ते म्हणाले, "दाजी, मंग आमचे बैल बी भिक्खू झाले म्हणायचे." सगळं घर हसलं. धाकटे जावई पंडितराव, म्हणजे धुरपताबाईंच्या बहिणीचे, शुभदाचे मालक, मिशीतल्या मिशीत सगळ्यात जास्त हसले. तेव्हापासून दर दिवाळीला हेच. दिनकरराव बॅटरी घेऊन मुकोबाभोवती फिरणार, नवा पुरावा आणणार, आणि मंडळी जेवताना त्यांना धारेवर धरणार.

आणि धुरपताबाईंना ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं.

मागच्या वेळी मुकोबानं खोळ टाकली तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासू कडक, सेलू परकं, माहेराहून निरोप आला तेव्हा आनंदानं रडल्या होत्या. लुगड्याआड गेल्या, दुधाची घागर वाकवली, आणि तांबड्या गाळाखालून एक तोंड वर आलं. अर्धे मिटलेले डोळे, खांद्याला टेकणारे कान, आणि ओठांत ते हसू. त्या हसण्याकडं बघून त्यांच्या पोटात एकदम निवांत झालं होतं, हे त्यांना आजही आठवतं. त्या वेळी हा कोण ते कळलं नाही. कळलं ते पुढं बऱ्याच वर्षांनी, दिनकरराव त्यांनाही अजिंठ्याला घेऊन गेले तेव्हा. नवऱ्यानं बोट केलं आणि बाईंच्या तोंडून "अगं बाई, हा तर" एवढं निसटलंच. "काय गं?" म्हणून ते वळले. "पाय मुरगाळला," बाई म्हणाल्या, आणि बिचाऱ्या तो सगळा दिवस लंगडल्या.

तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी. नवरा दर दिवाळीला विचारणार, "तू आत व्हतीस की. काय दिसलं तुला?" आणि बाई म्हणणार, "दगड." खोटं नव्हतं ते. पण जेवणाच्या पंगतीत सगळे त्याला हसायचे तेव्हा बाई मान खाली घालून वाढत राहत. हा माणूस बरोबर आहे, शब्दान् शब्द बरोबर आहे, आणि ते ठाऊक असलेली त्याचीच बायको समोर बसून वरण वाढायलीये. दोनदा तर अगदी ओठावर आलं होतं. पण मुकोबाला दिलेला शब्द होता, आणि शब्द मोडला की माहेरावर काही बालंट येईल ही भीतीही होती, खोटं कशाला बोला.

तर अशा अवस्थेत दोघं सेलूहून निघाले. परभणीला गाडी बदलली, गंगाखेडला उतरले, पुढं पालमपर्यंत काळीपिवळी जीप. उन्हानं रस्ता पांढरा पडलेला, जीपमध्ये माणसावर माणूस, आणि दिनकरराव एखाद्या नवरदेवासारखे खुशीत. शेजारच्या अनोळखी पाहुण्यालाही सांगून झालं की आज काय आहे.

"धुरपता, आता पुन्यांदा कवा टाकंल खोळ? तीस-चाळीस वर्सांनी. तवा आपुन व्हय? आज न्हाई तर मंग न्हाईच."

"तुमाला कुटं आत सोडणारंत?"

"न्हाई सोडत. मला ठाऊक हाय." कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला, मग म्हणाले, "पर मागच्या वेळंला दारात लुगडं मीच धरलं व्हतं गं. पाठीमागं हातभरावर तो उघडा बसलेला, आन मला बिडी प्यायची तलप आलती. कवा सोडतेत असं झालतं. आता सांग, हाय का न्हाई गाढव?"

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या.

उंबरथडीत पोचले तेव्हा गाव नुसतं उसळलं होतं. हलगी कडाडत होती, पारावर मांडव पडला होता, नांदेड-लातूरपासून लेकी आल्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडेला नाहीतर बोटाला एखादं लेकरू. खोळ एका नव्या धोतरावर ठेवली होती, आतून पोकळ, बोटभर जाड, टरबुजाच्या फोडीसारखी दोन ठिकाणी उकललेली. दिनकरराव तिच्यापुढं असे बसले की उठेचनात. आतल्या बाजूला बघायला लागले. देवाच्या अंगाचा ठसा त्यात उलटा उमटलेला असणार, हे त्यांच्या बरोबर ध्यानात आलं होतं. पण थर सगळा चुरगळलेला, तेलकट. एक गोल खळगा तेवढा दिसत होता. तो गालाचा की गुडघ्याचा, कोण सांगणार? त्याचे त्यांनी वीस फोटो काढले.

भगवानराव आले, पाया पडले आणि मुद्द्यावर आले. "दाजी, तुमी थोरले जावई. लुगड्याचं एक टोक तुमचं, एक पंडितरावांचं. पर आधी शब्द द्या."

"कसला?"

"वळून बघायचं न्हाई. आन ह्यो," कॅमेऱ्याला हात लावून, "खांद्यावरनं मागं न्यायचा न्हाई. तुमचं येड मला ठाऊक हाय."

दिनकररावांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. "मुकोबाची आण. तुमी सोडल्याबिगर वळणार न्हाई."

"तसं न्हाई, गावानं सोडल्याबिगर."

"बरं, गावानं."

बाईंनी हे सगळं ऐकलं. नवऱ्याचा आवाज एवढासा झालेला त्यांना आवडला नाही.

देवळात लेकी शिरल्या. सगळ्यांत पुढं सगुणाआत्या, धुरपताबाईंच्या वडिलांची बहीण, पंच्याऐंशीच्या घरातली, दात एकही नाही पण हुकूम शाबूत. तिनं दारात बसकण मारली आणि म्हणाली, "मला आता वाकायचं व्हत न्हाई. धुरपे, पयला हात तुजा." पयला हात म्हणजे न्हाऊ घातल्यावर शेंदराचं पहिलं बोट लावायचं. मान मोठा. शुभदानं कमरेला पदर खोचला, बाकीच्या लेकींनी घागरी पुढं सरकवल्या. दारात हिरवं लुगडं ताणलं गेलं. एका टोकाला पंडितराव, दुसऱ्या टोकाला दिनकरराव, दोघांच्या पाठी आत, तोंडं बाहेर. बाहेर हलगीनं ताल धरला.

दूध पडलं, पाणी पडलं, लेकींचे हात फिरायला लागले. तांबडा गाळ पायांशी साचला आणि मुकोबा वर आला. धुरपताबाईंनी तोंड पुसलं आपल्या हातानं, पदरानं, अगदी लेकराचं पुसावं तसं. नाकाचा शेंडा जरा उडालेला. बाकी सगळं तेच. एक हात मांडीवर, दुसऱ्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली, आणि तेच हसू. अजिंठ्याला, सांचीला, बोधगयेला किती बघितली असतील, पण हे आपल्या घरचं होतं.

"धुरपता," लुगड्यापलीकडून हळूच आवाज आला. "नाक हाय का गं?"

बाईंनी पदराचं टोक पिळलं.

"नुसतं व्हय म्हण. कान सांगू नगस. नाक तरी."

पंडितरावांचे खांदे हलायला लागले. हसू दाबत होते गृहस्थ.

"बरं, राहू दे," दिनकरराव म्हणाले. "मी आपलं सहज इचारलं."

बाईंनी वर बघितलं. लुगड्याच्या वर नवऱ्याचं डोकं दिसत होतं, मागून पांढरं झालेलं, मानेवर घाम, आणि वर धरलेले दोन हात. हात अवघडले होते, पण खाली येत नव्हते. उभ्या देशातले बुद्ध बघायला जो माणूस एस.टी.नं, रेल्वेनं, पायी हिंडला, तो इथं हातभरावर उभा राहून मान वळवत नव्हता, कारण त्यानं बायकोच्या माहेराला शब्द दिला होता. आणि शेंदराची वाटी आता बाईंच्याच हातात होती. एक बोट लावलं की संपलं. पुन्हा एक जन्मभर तांबडा ढीग.

त्यांनी बोट वाटीत बुडवलं. वर काढलं. बोटावरून तेल ओघळलं आणि मनगटापर्यंत आलं.

"अहो," धुरपताबाई म्हणाल्या, "वळा इकडं."

लेकींचे हात होते तिथंच थांबले. बाहेर हलगी चालूच होती.

"काय म्हणायलीस?"

"वळा म्हणायलेय."

"अगं, शब्द दिलाय. गावानं सोडल्याबिगर न्हाई."

"मंग मी गावाला इचारते," बाई म्हणाल्या, आणि लेकींकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आता थांबणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. "बायांनो, ऐका. मागच्या खेपंला मी हितंच व्हते. काय बघितलं ते आजपतोर माझ्या तोंडातनं निगालं न्हाई. ह्यांना बी सांगितलं न्हाई. ह्यो माणूस निम्मा देश हिंडला, ह्यालाच हुडकत. घरोघर त्याचं हसं झालं, आन मी समदं ठाऊक असून भाकरी वाढत बसले. आता माझ्यानं व्हत न्हाई. मी त्यांना दाखवणार. काय पाप लागायचं ते मला लागू द्या. कुणाला काय म्हणायचंय ते आत्ता म्हणा."

लेकी एकमेकींकडं बघायला लागल्या. शुभदानं पदर तोंडाला लावला. बाईंना वाटलं रडायलीये. पण तिचे डोळे हसत होते.

"अक्का," ती म्हणाली, "तू दाजीला खरंच सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगणार? मुकं ऱ्हायचं असतं न्हवं?"

तेव्हा दारातनं सगुणाआत्या बोलली. बोळक्या तोंडानं, पण खणखणीत. "अगं येडे, मुकं ऱ्हायचं ते गावात. नवऱ्यापाशी कोन मुकं ऱ्हातं? मी तर माझ्या मालकाला त्याच राती सांगितलं. माझ्या आत्यानं बी तिच्या मालकाला सांगितलं व्हतं."

"मी बी," कोपऱ्यातली एक म्हणाली.

"मी तर सासूला बी सांगितलं," दुसरी.

लुगड्याचं पंडितरावांकडचं टोक गदागदा हलत होतं. आता त्यांनी हसू दाबायचं सोडूनच दिलं होतं. "अक्का, म्हंजी दाजीला ठाऊकच नव्हतं? आमाला वाटायचं, तुमी सांगितलं असंल आन दाजी उगं आव आणायलेत. वीट काय दाखवायचे, फुगवटा काय दाखवायचे. म्हणून तर आमी हसायचो की हो."

धुरपताबाईंच्या अंगाचा नुसता भडका उडाला. म्हणजे गावात एक तीच शहाणी? सगळ्या जणी रात्रीच्या रात्री नवऱ्याच्या कानात बोलून मोकळ्या झाल्या आणि ती एकटी मिठाची गुळणी धरून बसली, पाय मुरगाळल्याचं सोंग करत लेण्यांतनं लंगडली? "मंग मला कुणी बोलल्या का न्हाईत गं भवान्यांनो?" त्या ओरडल्या, आणि हातातला शेंदूर शुभदाच्या गालाला फासला. मग मात्र सगळ्याच खदखदून हसायला लागल्या. मुकोबापुढं एवढा गलका झाला की बाहेर हलगीवाला थांबला.

आत्यानं काठी आपटली. "गप बसा गं. जावईबापू, वळा आता. गाव सोडायलंय तुमाला."

दिनकरराव वळले. लुगडं अजून हातात होतं, ते तसंच छातीशी धरून वळले. आत अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. मग त्यांनी बघितलं. बाई त्यांच्याकडं बघत होत्या, देवाकडं नाही. त्यांनी नवऱ्याचं असं तोंड कधी बघितलं नव्हतं, हरिओमच्या जन्माच्या वेळीही नाही.

"नाक हाय की," दिनकरराव म्हणाले.

"शेंडा उडालाय जरा."

"उडू दे की."

मग मात्र त्यांच्यातला फोटोवाला जागा झाला. झाकण काढलं, गुडघा टेकला, पुन्हा उठले. "उजेड न्हाई, उजेड न्हाई," म्हणून तळमळायला लागले. ऊन दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आत येत नव्हतं. धुरपताबाईंनी कुणाला न विचारता दुधाची पितळी परात उपडी करून पुसली, उंबऱ्यात धरली आणि जरा तिरकी केली. उन्हाचा एक गोल कवडसा भिंतीवर गेला, खाली सरकला आणि मुकोबाच्या तोंडावर येऊन थांबला. हे काम त्यांना नवीन नव्हतं. पितळखोऱ्याला जेवणाच्या डब्याच्या झाकणानं केलं होतं. "जरा डावीकडं," दिनकरराव म्हणाले. "खाली. हां. हलू नगस." कॅमेरा वाजायला लागला. लेकी श्वास धरून उभ्या. मूर्तीच्या ओठांवर ऊन आलं तेव्हा सगुणाआत्यानं हात जोडले. पंडितरावांनीही, पाठ तशीच ठेवून, नुसती मान वळवून सगळं बघून घेतलं.

दिनकररावांनी स्वतःच कॅमेरा खाली घेतला. "बास," म्हणाले. "दिवस उतरायलाय." त्यांनी लुगड्याचं टोक उचललं, दारात जाऊन उभे राहिले आणि पुन्हा पाठ केली. कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी पयला हात लावला, कपाळावर, मग लेकींचे हात पडले आणि बघता बघता ते हसू तांबड्याखाली गेलं. धुरपताबाईंना वाटलं होतं वाईट वाटेल, पण वाटलं नाही. आपला माणूस आता थंडी लागू नये म्हणून पांघरूण घेऊन बसला, असं काहीसं वाटलं.

खोळ गंगेत सोडून मंडळी आली आणि पारावर पंगत बसली. भगवानरावांच्या कानावर सगळं गेलंच होतं. ते जरा कानकोंडे झाले होते. वाढताना म्हणाले, "दाजी, माफी करा. लय हसलो तुमाला. आमाला वाटलं तुमाला अक्कानं सांगितलंय."

दिनकररावांनी ताटातून हात काढला. धुरपताबाई पलीकडं बायकांच्या पंगतीत होत्या, पण त्यांचे कान इकडं. आता हा चिडणार, त्यांनी धरलंच होतं. चिडलाच पाहिजे. एवढी वर्षं बायकोनं तोंडावर 'दगड' म्हणून सांगितलं.

"भगवानराव," दिनकरराव मोठ्यानं म्हणाले, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं, "तुमच्या गावच्या लेकींनी मुकोबाला शब्द दिला आन घरी जाऊन मोडला. एकजात सगळ्यांनी. शब्द पाळला कुणी? सांगा की. माझ्या बायकोनं पाळला. अजिंठ्यात त्याच्यासमोर उभी राहून पाळला." मग पंडितरावांच्या पाठीवर थाप मारून, "तुमीच सांगा, साडू, अशी बायको हाय का कुणाची?"

पंडितराव ताटातला भात कालवायला लागले. शुभदानं मान खाली घातली. दिनकरराव तिथंच थांबले असते तर बरं, पण नाही. ताकवाल्यापासून हलगीवाल्यापर्यंत दर माणसाला त्यांनी तेच सांगितलं. कॅमेऱ्यातला फोटो कुणाला दाखवला नाही, पण हे सगळ्यांना सांगितलं. धुरपताबाईंना इतकी लाज वाटली की पदर डोळ्यांपर्यंत ओढावा लागला, आणि पदराआड डोळे पुसून घ्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं परत निघाले. गर्दी कमी होती, खिडकीतनं वारा येत होता. दिनकररावांनी गळ्यातला कॅमेरा दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. काहीतरी घोळत होतं डोक्यात.

"धुरपता."

"काय?"

"एवढी वर्सं मी तुला इचारायचो, तू दगड म्हणायचीस, आन मला खरं वाटायचं. आनखी काय काय हाय गं तुझ्या पोटात, मला न सांगितलेलं?"

बाईंनी उडणारा पदर खांद्याशी धरला. "लय हाय," त्या म्हणाल्या. "पर त्यातलं माझं काई न्हाई. लोकांनी ठिवायला दिलेलं हाय समदं."

"माझं बी हाय का त्यात?"

"तुमचं सगळ्यांत जास्ती हाय, काल सांगितलेल्या बिडीसकट."

दिनकररावांनी त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांनी आपला हात बायकोच्या हातावर ठेवला, भर जीपमध्ये, आणि गंगाखेड येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.